कुंपणापासून अकरा इंचांवरचा मांडव

पोलीस ठाणे धामणखेड, जि. अकोला
दिनांक १७/११/२०२५, वेळ सकाळी ११.२०

मी शकुन रामकृष्ण म्हैसने, वय ६३ वर्षे, व्यवसाय शेती, शिक्षण सातवी पास, राहणार प्लॉट क्र. १८, तलाठी कॉलनी, धामणखेड, आज बोलावणे आल्यावरून स्वतःच्या पायाने ठाण्यात हजर झाले असून, विचारलेले आणि न विचारलेले असे दोन्ही समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर सव्वीस वर्षांपासून राहते. पातूर रोडला माझी साडेसहा एकर जमीन आहे, ती मीच पाहते. पती हयात नाहीत. माझ्या घराच्या पूर्वेला प्लॉट क्र. १७ आहे. तिथे उद्धव वामनराव चांदूरकर, वय ६६, त्यांच्या पत्नी गोदावरीबाई आणि मुलगी जुईली, वय ३१, असे तिघे राहतात. हवालदार पौर्णिमाबाईंनी आधी उद्धवरावांना 'सदर इसम' असे लिहिले होते. मी म्हटले, इसम काहून, सव्वीस वर्षांचे शेजारी आहेत, नाव लिहा. हवालदारबाई घाटावरच्या असल्याने माझे बोलणे त्या त्यांच्या भाषेत उतरवतात, त्याला माझी ना नाही. पण कोणी कोणाला काय म्हटले ते जसेच्या तसे लिहावे, एवढा हट्ट मी धरला आहे.

उद्धवरावांनी परवा शनिवारी संध्याकाळी दिलेली तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. त्यात असे आहे की, त्यांची अजाण मुलगी जुईली हिला मी शुक्रवारी देवदर्शनाच्या नावाखाली फूस लावून नेले आणि ती अद्याप मिळून आलेली नाही. जुईली आठवी-नववीला गणित शिकवते. अर्ध्या धामणखेडाची पोरं तिच्या हाताखालून गेलेली आहेत. ती अजाण असेल तर या गावात जाणते कोण आहे ते तक्रारदाराने दाखवून द्यावे. सातवी पास बाईने गणिताच्या मास्तरणीला फूस लावली, हे वाचून मला मनातून बरेच वाटले, हेही लिहावे.

जुईली कुठे आहे ते मी सांगणारच आहे. तिचे लग्न हाच सगळ्याचा मुद्दा आहे. पण ते तीन वर्षे काहून लागले नाही हे समजायला मांडवाचे आधी सांगावे लागते. हवालदारबाई म्हणाल्या, मुद्द्याचं बोला. मी म्हटले, बाई, मांडव काढला की यात मुद्दा राहतच नाही.

उद्धवराव नोकरीत असताना नकाशे काढायचे आणि बांधकामे मोजायचे. घराच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत चारी बाजूंनी जी मोकळी जागा सोडावी लागते, तिला कागदावर सामासिक अंतर म्हणतात आणि आम्ही मार्जिन म्हणतो. आमच्या कॉलनीत बाजूचे मार्जिन पाच फूट आहे. त्यात छप्पर घालता येत नाही. हे मला त्यांच्यामुळेच पाठ झाले. जन्मभर माणसाने लोकांच्या मार्जिनमध्ये टेप लावली. निवृत्त झाले तरी ती पोलादी टेप सदऱ्याच्या खिशात असते. लग्नाकार्यात जेवायला बसले तरी आधी पंगत मोजतील.

सन २०१६ च्या मार्च महिन्यात आम्ही आमच्या बाजूला, लिंबाच्या झाडाखाली, चार लाकडी बल्ल्यांवर टिनाचे छोटे छप्पर टाकले होते. माझ्या पतींना दम्याचा त्रास होता आणि घरात जीव घाबरायचा, म्हणून तिथे त्यांची बंगई टांगली होती. ते दिवसभर तिच्यावर बसून हलकेच झोका घ्यायचे. उद्धवरावांनी टेप लावली आणि छप्पर मार्जिनमध्ये नऊ इंच आले आहे असा अर्ज केला. अर्ज खरा होता. आम्ही एप्रिलच्या चार तारखेला छप्पर काढले. बंगई आत घेतली. खोलीत तिला झोका घ्यायला जागा नव्हती. पती एकोणीस जूनला वारले. याचा प्रस्तुत तक्रारीशी काही संबंध नाही.

सन २०२२ च्या फेब्रुवारीत उद्धवराव पुण्याला भाच्याकडे जाऊन आले आणि तिथल्या बंगल्याच्या बागेत त्यांनी गझिबो पाहिला. आल्यावर महिनाभर त्यांच्या तोंडात दुसरा शब्द नव्हता. मार्चमध्ये त्यांनी स्वतःच्या बागेत, माझ्या कुंपणाला लागून, तो उभा केला. लोखंडी खांब, खाली सिमेंटचे पाय, वर लाल पत्रा, आत बसायला गोल कट्टा, छताला पंखा. लांबी सोळा फूट. कुंपणापासून अंतर अकरा इंच. मी मोजले आहे. टेप नव्हती, शिवणकामाच्या पट्टीने मोजले. पत्र्याचे पाणी माझ्या बाजूला पडते आणि माझ्या स्वयंपाकघरात दिवसा बल्ब लावावा लागतो.

मी त्यांना कुंपणावरून म्हटले, "काहो उद्धवराव, आमचे नऊ इंच तुमाले कुसळावानी खुपले, आन हे सोळा फुटाचं मुसळ तुमाले दिसून नाही राहिलं काय?" ते म्हणाले, "शकुनबाई, ते तुमचं कायमचं बांधकाम होतं. हे तात्पुरतं आहे." मी म्हटले, "सिमेंटात गाडलेलं तात्पुरतं कसं काय असते?" ते म्हणाले, "हेतू पाहावा लागतो." मी हेतूबितू काही पाहिला नाही. सरळ नगरपंचायतीत अर्ज केला. त्यांना नोटीस आली आणि दिनांक ३ मे रोजी सकाळी अभियंता साहेब, मुकादम नत्थुजी आणि चार माणसे घण, पहारी घेऊन पाडायला आली.

आता उद्धवरावांची हुशारी ऐकावी. त्या दिवशी अक्षय तृतीया होती. माणसे फाटकात पोचली तेव्हा गझिबोत गुरुजी बसलेले होते, मंत्र चालू होते आणि मधोमध खड्डा खणून मुहूर्तमेढ रोवलेली होती. हळदकुंकू, आंब्याचा डहाळा, पिवळ्या फडक्यात सुपारी, सगळे यथासांग. उद्धवराव सोवळे नेसून उभे. साहेबांनी विचारले, हे काय? तर म्हणाले, "मुलीच्या लग्नाचा मांडव आहे." गोदावरीबाई पदर डोक्यावर घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिले आणि खाली पाहिले. जुईली शिकवणी घ्यायला निघाली होती. स्कूटी फाटकाबाहेर काढता काढता तिला कळले की तिच्या लग्नाची मेढ गाडली गेली. तिने मला विचारले, "काकू, कोणाशी?"

हवालदारबाई घाटावरच्या असल्याने मी त्यांना समजावून सांगितले की, लग्नाची मेढ एकदा जमिनीत रोवली की लग्न लागेपर्यंत ती कोणी उपटत नाही. उपटणाऱ्याच्या घरात लग्न अडते असे आमच्याकडे मानतात. साहेबांनी घण मारायला सांगितले. नत्थुजी मुकादमाने घण खाली ठेवला आणि म्हणाला, "साहेब, नोकरीवरून काढा, पर लग्नाच्या मेढीले आपन हात लावत नाही. माह्या घरी दोन पोरी हायेत." बाकीच्या चौघांनीही हात जोडले. नत्थुजीला मी दोष देत नाही. मीही हात लावला नसता.

मग उद्धवरावांनी खिशातून आधीच लिहून आणलेले हमीपत्र काढले. त्याची नक्कल मी या जबाबासोबत देत आहे. त्यात लिहिले आहे, "माझी कन्या जुईली हिच्या विवाहाकरिता सदर मांडव तात्पुरता उभारला असून, विवाह पार पडताच आठ दिवसांच्या आत तो स्वखर्चाने काढून घेईन." तारीख नाही. मुलाचे नाव नाही. मुलगाच नव्हता तर नाव कुठून येणार? साहेबांनी डोके खाजवले, कागद घेतला आणि मला म्हणाले, "बाई, लग्न झाल्यावर या." तेव्हापासून तिचे लग्न आणि माझ्या स्वयंपाकघरातला उजेड एकाच कागदावर अडकले.

पुढे जे झाले ते उद्धवरावांनी मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या डोक्यात फक्त मार्जिन होते, पोरगी नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये कारंज्याकडची मंडळी जुईलीला पाहायला आली. फाटकातून आत येताच त्यांना काय दिसले? उभा मांडव, गाडलेली मेढ आणि वाळून कोळ झालेले तोरण. मुलाची आत्या हात धुवायच्या निमित्ताने कुंपणाशी आली आणि मला हळूच म्हणाली, "काहो बाई, मांडव पडून हाये, लग्न मोडलं काय पोरीचं?" मी म्हटले, "मोडाले आधी ठराव लागते ना." तिला ते पटले नाही. मंडळी पोहे अर्धे टाकून, बस चुकेल म्हणून उठली. त्यांची स्वतःची जीप होती.

मे २०२३ मध्ये यवतमाळहून दुसरे स्थळ आले. तोपर्यंत आणखी एक गंमत झाली होती. गुरुजींनी मेढेला उंबराची फांदी सांगितली होती, पण उंबर तोडायला जायचा कंटाळा म्हणून उद्धवरावांनी परसातला शेवगा छाटून रोवला होता. शेवगा तो शेवगाच. दोन पावसांत... नाही, एका पावसात त्याने जीव धरला आणि उन्हाळ्यात त्याला शेंगा आल्या. मुलाचे वडील जुने माणूस. त्यांनी चष्मा वर करून मेढेकडे पाहिले आणि विचारले, "मेढ कधी रोवली म्हणता?" उद्धवराव म्हणाले, "गेल्या वर्षीच्या अक्षय तृतीयेला." ते गृहस्थ म्हणाले, "अस्सं." पुढे त्यांचा फोन आला नाही. लग्नाच्या मेढेला शेंगा लागल्या, पण पोरीचे लग्न लागले नाही, असे कॉलनीत बायका बोलायच्या. मी पण बोलले आहे. त्या शेंगांची आमटी गोदावरीबाईंनी मला वाटीभर दिली होती, ती मी खाल्ली. ती चांगली होती.

यवतमाळची मंडळी येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जुईली कुंपणाशी आली. मी वाळवण घालत होते. ती म्हणाली, "काकू, शाळेतले पोरं मले मांडव मॅडम म्हणून राहिले." मी म्हटले, "कानफटात दे एकाच्या." ती म्हणाली, "किती जणांच्या देऊ?" उद्धवरावांना मात्र काहीच जाणवले नाही. दर दसऱ्याला ते नवे तोरण बांधायचे, म्हणजे लग्नाचे काम चालू आहे असे दिसावे. पाहुणा आला की गझिबो, नगरपंचायतीचा माणूस आला की मांडव. नाकाने कांदे सोलणारा माणूस स्वतःचा कांदा बरोबर पदराखाली झाकतो.

जानेवारी २०२४ मध्ये अमरावतीहून शुभंकर पिंपळखुटे, वय ३४, हा त्याच्या आई रागिणीबाईंसोबत आला. तो एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. त्यानेही तोच प्रश्न विचारला, मांडव कोणाचा? या वेळी उत्तर जुईलीने दिले. म्हणाली, "माझाच आहे. सगळं तयार आहे, फक्त नवरदेव यायचा राहिला." तो इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. तक्रारदाराने जातीबाहेर, फसवाफसवी असले काही मनात आणले असेल म्हणून सांगते. मुलगा त्यांच्याच जातीतला, पत्रिका जुळलेली, सत्तावीस गुण. नोकरी आहे, सुपारीसुद्धा खात नाही. गोदावरीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. उद्धवराव मुलाला म्हणाले, मला पसंत आहे. हे माझ्या कानाने ऐकले आहे.

मी दुसऱ्याच्या घरचे कसे ऐकले, असे हवालदारबाईंनी विचारले. बरोबर विचारले. त्यांचा कट्टा कुंपणापासून अकरा इंचांवर आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच्या अगदी समोर आहे. उद्धवराव सकाळ-संध्याकाळ तिथेच बसतात. पोळ्या लाटताना मला त्यांच्या चहाचा घोट गिळल्याचेही ऐकू येते. नियमाप्रमाणे पाच फुटांवर बसले असते तर त्यांचे घरचे बोलणे घरात राहिले असते. त्यात माझ्या कानांचा दोष नाही.

पसंती झाली आणि मग तारखांचा खेळ सुरू झाला. एकदा गुरूचा अस्त, एकदा शुक्राचा. मग चातुर्मास. मग त्यांच्या चुलतभावाचे वर्षश्राद्ध, ज्या चुलतभावाशी ते वीस वर्षे बोलत नव्हते. रागिणीबाई चार वेळा आल्या. प्रत्येक वेळी कट्ट्यावर बसून चहा प्यायल्या आणि तारखेशिवाय परत गेल्या. वीस महिने असे गेले. शेवटच्या वेळी निघताना त्या गोदावरीबाईंना म्हणाल्या, "आम्हीही किती थांबायचं हो? दिवाळीनंतर आम्ही दुसरीकडे बघायचं म्हणतो." गोदावरीबाई फाटकाला धरून बराच वेळ उभ्या होत्या.

यंदाच्या दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबरला, सकाळी साडेआठ वाजता उद्धवराव शिडीवर चढून नवे तोरण बांधत होते. जुईली खाली उभी होती. ती म्हणाली, "बाबा, एकदा खरं सांगा. तुम्हाला माझं लग्न करायचं आहे की नाही?" ते म्हणाले, "करायचं आहे ना, बाळा. मी कुठे नाही म्हणतो?" ती म्हणाली, "मग दिवाळीनंतरची तारीख धरा." ते शिडीवरून म्हणाले, "अगं, घाई कशाची? तारीख धरली की आठ दिवसांत हे सगळं पाडावं लागेल. मी लिहून दिलेलं आहे. तीन वर्षं जपलं आहे मी हे. ती सुतळी दे."

जुईलीने सुतळी दिली. एवढेच मी पाहिले. मला इतका राग आला की तव्यावरची पोळी जळली. अर्ध्या तासाने ती माझ्या मागच्या दाराशी आली. डोळे कोरडे होते. म्हणाली, "काकू, अमरावतीले एक सही कराले येता काय? तीन साक्षीदार लागतात. दोन आहेत." मी विचारले, "घरी सांगणार नाहीस?" ती म्हणाली, "तीन वर्षं घरीच सांगून राहिली ना." मी हो म्हटले. फूस कोणी कोणाला लावली असेल तर ती तिने मला लावली, आणि मी आनंदाने लावून घेतली.

अमरावतीच्या विवाह नोंदणी कार्यालयात १० ऑक्टोबरला दोघांनी अर्ज दिला. त्याची नोटीस तीस दिवस तिथल्या फळ्यावर उघडी लागलेली होती. कोणाचीही हरकत आली नाही. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना नोटिसा काढल्या, त्याला पोटच्या पोरीची नोटीस दिसली नाही. दिसायला तिच्याकडे पाहावे लागते.

शुक्रवार दिनांक १४ नोव्हेंबर रोजी सकाळी सहाच्या एसटीने मी आणि जुईली निघालो. मी उद्धवरावांना आदल्या दिवशी सांगितले होते की रिद्धपूरला जातो. मी महानुभाव पंथाची आहे, देवाच्या नावाने खोटे बोलत नाही. आम्ही रिद्धपूरला गेलो होतो. आधी अमरावतीला उतरलो, एवढेच सांगायचे राहिले. गोदावरीबाईंना यातले काहीही माहीत नव्हते, असे स्पष्ट लिहावे. त्यांनी पहाटे उठून जुईलीच्या पिशवीत हिरवा खण, नारळ आणि स्वतःच्या लग्नातल्या पाटल्या ठेवल्या, त्या दर्शनाला जाणाऱ्या मुलीला कोणतीही आई देते तशाच दिल्या. फाटकात त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. तिकडून उद्धवराव म्हणाले, येताना अमरावतीहून पंख्याचा कंडेन्सर आण, मांडवातला पंखा हळू फिरतो आहे.

साडेबारा वाजता लग्न झाले. साक्षीदार म्हणून पहिली सही माझी आहे. मी विधवा बाई. आमच्याकडे लग्नात मला अक्षता टाकायला मागच्या रांगेत उभे करतात. तिथे साहेबांनी खुर्ची दिली आणि पेन दिला. मी सही सावकाश केली, चांगली मोठी केली. नंतर आम्ही पाच जण रिद्धपूरला जाऊन आलो. जुईली अमरावतीला तिच्या घरी राहिली आणि मी शनिवारी दुपारी तीनला गाडीने घरी पोचले. दाखल्याची नक्कल सोबत देत आहे. कंडेन्सरही जुईलीने पाठवला होता, तो मी तक्रारदारांना दिला.

आता तक्रारीबद्दल सांगते. मी शनिवारी घरी आल्या आल्या कुंपणावरून उद्धवरावांना हाक मारली, दाखला दाखवला आणि म्हटले, "अभिनंदन. पोरगी सुखी हाये. सोमवारी दोघं पाया पडाले येतात." मला वाटले चिडतील, ओरडतील, रडतील. बापाचे काळीज आहे. मी शिव्या खायच्या तयारीने उभी होते. त्यांनी दाखला दोनदा वाचला आणि विचारले, "कोणाला सांगितलं नाही ना अजून?" मी म्हटले, "नाही." ते म्हणाले, "बोलू नका कुठे. मी पाहतो काय करायचं ते." मला वाटले पेढे आणायला गेले. ते इथे आले आणि मुलगी हरवली म्हणून लिहून दिले.

म्हणजे लग्न झाल्याचे त्यांना तक्रार देण्याआधी तीन तास माहीत होते. हे मी आता सांगत असताना उद्धवराव समोरच्या खुर्चीत बसलेले आहेत. हवालदारबाईंनी त्यांना विचारले, हे खरे का? त्यांनी नाही म्हटले नाही. ते म्हणाले, "नोंदणीला मी लग्न समजत नाही. विधिवत व्हायचं आहे अजून." माझा पारा चढला. मी म्हटले, "लाज वाटू द्या जराशी. लग्न झालेल्या पोरीपेक्षा हरवलेली पोरगी तुमाले सोयीची वाटून राहिली काय?" हवालदारबाईंनी मला पाणी दिले व बसायला सांगितले. मी बसले.

जुईली हरवलेली नाही. ती आणि तिचे यजमान सकाळी दहा वाजल्यापासून या ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलेले होते. तिने दोनदा आत येऊन नाव सांगितले. तिला सांगण्यात आले की साहेब एका हरवलेल्या मुलीच्या कामात आहेत, थांबा. त्यानंतर हवालदारबाईंनी तिला आत बोलावले. ती वडिलांच्या पाया पडली. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, हात मात्र मांडीवरच राहिले.

हवालदारबाईंनी कागद पुढे करून उद्धवरावांना सांगितले की, तक्रार बंद करायची आहे, 'मुलगी मिळून आली, ती सज्ञान असून तिने स्वखुशीने विवाह केला आहे' याखाली सही करा. उद्धवरावांनी चष्मा लावला. वाचले. मग विचारले, "याची नक्कल नगरपंचायतीला जाते काय?" बाई म्हणाल्या, मागितली तर मिळते. मी म्हटले, मी आजच मागणार. त्यावर त्यांनी पेनाला टोपण लावले आणि म्हणाले, "मुलगी मिळून आली, एवढंच लिहा. मी सही करतो. लग्नाचं वाक्य काढा."

जुईली तिथेच उभी होती. तिने सगळे ऐकले. ती म्हणाली, "राहू द्या बाबा. तुमची तक्रार चालू द्या. मी हरवलेलीच बरी." तिने माझा हात धरला, मग सोडला, आणि ती शुभंकरसोबत पायऱ्या उतरून गेली. उद्धवराव खुर्चीतून उठले नाहीत. कागद अजून त्यांच्यापुढे आहे.

हा जबाब हवालदारबाईंनी मोठ्याने वाचला, तो मी ऐकला आणि उद्धवरावांनीही ऐकला. यात जे आहे ते मी सांगितले तसेच आहे, कमी केलेले नाही, थोडे मी स्वतःच गिळले आहे. जुईलीचा अमरावतीचा पत्ता माझ्याजवळ लिहिलेला आहे. हवालदारबाईंनी तो उतरवून घेतला. तक्रारदारांनी अजून मागितलेला नाही.

सही
शकुन रामकृष्ण म्हैसने

समक्ष
महिला पोलीस हवालदार, पोलीस ठाणे धामणखेड